मुठीचं माप

माझ्याकडे एक यंत्र आहे, पदरच्या पैशांनी घेतलेलं,
शेवटचा हप्ता अजून बाकी.
मुठीत धरून दाबलं की काटा सरकतो. किलोमध्ये.
सोमवारी धनकवडी, मंगळवारी अप्पर,
बुधवारी जनता वसाहतीचा दवाखाना,
पुढे आणखी दोन. दवाखाने पाच, मी एक,
आणि रिक्षाचं भाडं विचाराधीन.

मूठ सैल झाली की माणूस आधी
डब्याचं झाकण सोडतं, मग बसची दांडी,
मग एका रात्री मोरीत नळाला धरायला जातं
आणि नळ हातात येत नाही.
हे मी अहवालात लिहिलं होतं.
अहवालाला आवक क्रमांक मिळाला.

गजराबाई ससाणे, वय बहात्तर की अठ्ठ्याहत्तर,
चौतीस वर्षं कोथरूडचे रस्ते झाडलेले:
सव्वीस किलो.
मिस डिमेलो, टायपिंगच्या बाई: अकरा.
आत्तारचाचा म्हणाले, उजवा हात दमवू नका,
तो बायकोला उठवायला लागतो.
डावा मोजा.

मागणं साधं होतं.
आणखी एक फिजिओथेरपिस्ट, अर्धवेळ चालेल.
पायऱ्यांना कठडा.
हात असलेल्या खुर्च्या, वीस.
बिनहाताच्या खुर्चीतून उठताना
माणूस शेजारच्याला धरतो,
आणि शेजारचाही सत्तरीचा असतो.

फाइल फिरली.
एकाने लिहिलं, तरतूद नाही.
एकाने लिहिलं, तरतूद आहे, लेखाशीर्ष नाही.
एकाने लिहिलं, पद मंजूर आहे, रिक्त आहे,
भरती करणाऱ्याचं पदही रिक्त आहे.
अखेर अठ्ठावीस मार्चला, शुक्रवारी, दिवे लागल्यावर
सव्वा लाख मंजूर झाले.
तीन दरपत्रकं मागवा, खर्च एकतीसच्या आत.
मधे शनिवार. रविवारी पाडवा. सोमवारी ईद.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची.
उघडली तर आत निघाला एक फ्लेक्स:
आमचे ज्येष्ठ, आमचा अभिमान.
फ्लेक्सवाला शनिवारीही दरपत्रक देतो,
तिन्ही देतो, तीन नावांनी.
उरलेली रक्कम परत गेली.
परत म्हणजे कुठे, हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही.

देवकुळे साहेबांना मी चार शब्द सुनावणार होते.
त्यांच्या टेबलावर डेंग्यू, भटकी कुत्री,
जन्ममृत्यूचे दाखले, आणि तळाशी आम्ही.
चौघांचं काम, माणूस एक,
डबा साडेचारला उघडलेला.
त्यांनी दार लोटून घेतलं, हात पुढे केला.
"अंगठा धरतो हो. सही करताना."
अठरा किलो. सत्तावन्नाव्या वर्षी.
"नोंदवू नका," म्हणाले.
नाही नोंदवलं. व्यायाम लिहून दिला,
त्यांच्याच एका रद्द परिपत्रकाच्या पाठीवर.

अकरा महिने भरले की मला एक दिवस तोडतात,
कायम होऊ नये म्हणून.
त्या दिवशी मी कुणीच नसते.
यंत्र माझं, पण कपाट त्यांचं, किल्ली जमा.
तरी पाय सवयीने वळलेच.
फ्लेक्सचा एक कोपरा सुटलेला, वाऱ्यावर फडफडत,
खाली पायरीवर गजराबाई.
"आज मशीन न्हाई?"
"आज मी कामावर नाही, मावशी."
"मंग हात तरी दे."
उठताना तिनं असा आवळला
की माझी बोटं पांढरी पडली.
उभी राहिली, लुगडं झटकलं,
हात न सोडताच विचारलं,
"किती भरली?"